सरळ राहिलेली पिवळी रेघ

गाडीवाला सांगेल ते अर्धं धरावं आणि पुठ्ठा सांगेल ते पुरतं, हा मास्तरांचा धंद्यातला नियम. गाडीतून काहीतरी गळतंय म्हणून कुणी आलं, की ते लगेच पाना उचलत नसत. खालचा सगळा भाग धुऊन कोरडा करायचा, गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरायचा आणि खुशाल घरी जायचं. सकाळी पुठ्ठ्यावरचे ठिपके बोटाने चोळायचे, हुंगायचे. काळपट ते इंजिनातलं तेल, तांबडं ते स्टिअरिंगचं, हिरवं नि गोडसर वासाचं ते रेडिएटरचं पाणी. मग ठिपक्यापासून वर वर शोधत जायचं, कारण तेल सुटतं एकीकडे आणि पडतं भलतीकडेच. यावरून लोक त्यांना ठिपकेमास्तर म्हणत. गावभरच्या गळत्या त्यांनी शोधल्या होत्या. एक मात्र अकरा वर्षं शोधायची टाळली होती.

ती गाडी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली उभी होती. जुनी स्टेशन वॅगन, मागे हे एवढं लांब पोट. भावोजी तिला आगबोट म्हणायचे आणि चालवताना शीळ घालायचे, तीही बेसूर. अकरा वर्षांपूर्वी टेकडीच्या उतारावर ब्रेक लागला नाही आणि आगबोट भावोजींसकट खालच्या दगडी भिंतीवर आदळली. भावोजी जागच्या जागी गेले. मास्तरांनी गाडीच्या ब्रेकचं काम करून दिल्याला तेव्हा नऊ दिवस झाले होते.

चौकशीला आलेल्यांनी ओला रस्ता, मोठा उतार असं लिहून कागद मिटवले. ताईने मास्तरांना एका शब्दाने काही विचारलं नाही. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्यांना वाटे. तिने गाडीचं तोंड ठोकून सरळ करून घेतलं आणि ती झाकून ठेवली, ना विकली ना मोडीत काढली. तिच्याकडे गेले की मास्तर शेडकडे पाठ करून बसत.

भावोजींनी मात्र त्यांची पाठ सोडली नव्हती. कुणाचीही गाडी असो, खाली शिरलं की मास्तरांचा हात आधी मागच्या डाव्या चाकाकडे जाई, कारण शेवटचं काम तिथलंच होतं. भरदुपारी गॅरेजमध्ये कुणी शीळ घातली तरी त्यांच्या हातातला पाना थांबायचा. शिकाऊ पोरांना वाटे मास्तर तऱ्हेवाईक आहेत. मास्तर घाबरलेले होते, आणि हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

यंदा भाचीला दूरच्या गावी जमीन मोजणीची नोकरी लागली. तिपाया, लांब खांब, पेट्या असं सामान न्यायचं, तर बाबांचीच गाडी नेते म्हणाली. सोमवारी निघायचं होतं आणि वाट त्याच उतारावरून होती. मामाच्या गॅरेजमध्ये लहानाची मोठी झालेली पोर. तिला नाही कसं म्हणणार? मास्तरांनी ताडपत्री काढली. सीट अजून भावोजींच्या लांब पायांच्या मापाने मागे सरकलेली होती. आरशात पाहिलं तर मागच्या काचेऐवजी छतच दिसलं, तो भावोजींच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेला. मास्तरांनी दार हळूच लोटून घेतलं.

तीन दिवसांत तीन गळत्या सापडल्या. इंजिनाच्या झाकणाचं पॅकिंग, स्टिअरिंगची नळी, रेडिएटरचा पाइप. पुठ्ठे ते इंजिनापासून गाडीच्या मध्यापर्यंतच पसरत, मागे नाही. चौथ्या सकाळी पाहतात तो मागच्या डाव्या चाकाखाली एक पुठ्ठा होता आणि त्यावर एकच बिनरंगी ठिपका. भाचीने आदल्या संध्याकाळी तो तिथे सरकवून, ब्रेकचं नवं तेल भरून, सीटच्या टोकावर कशीबशी बसून पेडल दहा वेळा दाबला होता.

पाणी असेल, मास्तर म्हणाले.

"मामा, तू हुंगलंच नाहीस," भाची म्हणाली आणि टॉर्च घेऊन खाली शिरली.

मास्तरांची एक पद्धत होती. नट आवळला, की नटावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. पुढे नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. रेघ सरळ म्हणजे नट जागचा हललेला नाही. भाचीला हे अक्षरांच्या आधी शिकवलेलं.

"यातल्या सगळ्या रेघा तुटल्यात रे," ती खालून म्हणाली. "सगळे नट हललेत. फक्त हा ब्रेकच्या नळीचा बरोबर आहे, रेघ एकदम सरळ. गळती इथली नाही. मी दुसरा पुठ्ठा आणते."

ती गेली. मास्तरांना या गाडीच्या ब्रेकचं काम केलं तो शनिवार आठवला. रंगाची बाटली सुकत आली होती. गिऱ्हाइकाच्या गाडीला आधी पाना, मग रंग. घरच्या गाडीला काय, असं म्हणत त्यांनी आधी सगळ्या नटांवर रेघा मारून घेतल्या आणि मग पाना फिरवत गेले. नट फिरला की ओली रेघ तुटत होती. भावोजी शेजारी उकिडवे बसून काहीबाही सांगून हसवत होते, आणि हसता हसता एक नट राहिला. म्हणजे या गाडीवर तुटलेल्या रेघा आवळलेल्या नटांच्या होत्या. सरळ रेघ विसरलेल्या नटाची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ते खाली शिरले. ब्रेकचं तेल रंग खातं; रेघेचं खालचं टोक त्याने खाल्लं होतं, उरलेली रेघ सरळ होती. नट दोन बोटांनी फिरला. पाना खिशातच होता. अर्धा फेरा दिला की संपलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी पाना नटाला लावलाही. पण जवळच कुणीतरी आडवं पडून बघतंय असं त्यांना इतकं स्पष्ट वाटलं, की मान वळवायचा धीर होईना. त्यांनी पाना काढून घेतला, सरपटत बाहेर आले आणि ताईला हाक मारली.

सांगायला फार वेळ लागला नाही. भाची पुठ्ठा हातात धरून ऐकत राहिली. ताई दारातल्या पायरीवर खाली बसली. तिने गाडीकडे पाहिलं, भावाकडे नाही.

"ते मला म्हणाले होते," ती म्हणाली. "आदल्या दिवशी. ब्रेक फार खाली जातोय, त्याला परत दाखवून येतो. मी म्हटलं, आत्ताच तर त्याने केलंय. लगेच गेलात तर त्याला वाईट वाटेल. राहू द्या."

मास्तर तिच्या शेजारी पायरीवर टेकले.

"तुला काही विचारलं असतं, तर ते ब्रेकबद्दल काही म्हणाले होते का, असं तू मलाच विचारलं असतंस," ती म्हणाली. "म्हणून अकरा वर्षं गप्प बसले."

मग तिने पदर खोचला आणि भाचीच्या हातून पुठ्ठा घेऊन गाडीखाली अंथरला. मास्तर नको म्हणत असताना ती आत शिरली. टॉर्च तिने धरला, नट मास्तरांनी आवळला. नट घट्ट झाल्यावर तो पुसून तिने त्यावर बोट ठेवलं आणि लेकीला पेडल दाबायला सांगितलं. पाय पुरत नाही, भाची वरून म्हणाली.

"सीट पुढे घे," ताई म्हणाली.

वर काही क्षण काहीच हललं नाही. मग गंजलेली खीळ करकरली आणि सीट पुढे सरकली. पेडल एकदा दाबला गेला, दुसऱ्यांदा, दहाव्यांदा. ताईचं बोट नटावरच होतं आणि डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं.

"कोरडं आहे," ती म्हणाली. "आता लाव रंग."