बालाजीची बसकी पिकअप

गॅरेजवाल्याला किस्से शोधायला जावं लागत नाही. ते स्वतःच एका बाजूला ओढत दुकानात येतात! नांदेडला माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. मशीन माझं, हात सलीमचाचांचे. आणि गेल्या वर्षभरातले निम्मे किस्से मुखेडच्या एकट्या बालाजीचे.

*

बालाजीनं पिकअपच्या पुढच्या स्प्रिंगा कापून गाडी बसकी केली. "कशी दिसून राहिली?" असं विचारतच आला. गाडी डावीकडं ओढत होती. चाचांनी चाकाच्या आतून हात फिरवला. बाहेरून टायर नवा, आतली कड पार गुळगुळीत.

"मियाँ, तुमचा टायर भायेरून नवरदेव हाय, आतून टकला!"

बालाजी हसला नाही. त्याचं लग्न जमत नव्हतं.

*

त्यानं नवे टायर घातले. चाचांनी चाकामागच्या पातळ पत्र्या सरकवून, गाडी बसल्यानं तिरकी झालेली चाकं जमेल तेवढी सरळ केली. पण मशीनवर उजव्या चाकाचा आकडा काही जागेवर येईना. अर्धा तास गेला. मी मशीनवाल्याला फोन लावणार, तेवढ्यात चाचा चाकाखाली वाकले. चाक ज्यावर उभं करतात त्या फिरत्या प्लेटच्या फटीत चेंगरलेलं लिंबू!

"नवीन टायर हायेत," बालाजी म्हणाला, "लिंबू ठिवल्याबिगर कसं चढवायचं?"

"ठेव बाबा," चाचा म्हणाले, "पण मशीनला तरी सांगून ठेव!"

*

मग ट्रायल. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग सोडलं, तर गाडी हळूच डावीकडं सरकत एका चहाच्या हॉटेलासमोर गेली. परत फिरून आलो, पुन्हा तेच.

"अजून ओढून राहिली," मी म्हणालो.

"न्हाई हो," बालाजी म्हणाला, "रोज इथंच थांबतो मी. सवय हाय तिला!"

चाचांनी चाकांची दिशा जुळवणारा टाय रॉड पुन्हा फिरवला. चहा मात्र आम्ही घेतला.

*

चाचा दर वेळी सांगायचे, "खरा इलाज एकच. नव्या स्प्रिंगा टाक, गाडी वर उचल." बालाजीचं उत्तर ठरलेलं, "इज्जतीचा सवाल हाय, चाचा."

अशातच उदगीरचं स्थळ आलं. आधी दोन ठिकाणी नकार मिळालेला, त्यामुळं खरं सांगतो, मलाच धाकधूक लागली होती. बालाजीनं नंतर सांगितलं ते असं: मुलगी बघायला निघाले तेव्हा पुढं बालाजी, मागं हौद्यात मामा, काका अन् पाच पाहुणे. मुलीच्या दारापुढच्या गतिरोधकावर गाडीचं पोट टेकलं. मुलीकडची माणसं धक्का मारून घामाघूम झाली. पण मुलाकडच्यांनी उतरून धक्का मारायचा म्हणजे काय? मामा हौद्यातूनच फेटा सावरत सूचना देत होते.

शेवटी दारातून मुलगीच म्हणाली, "मामा, आधी सगळे खाली उतरा की! गाडी आपोआप वर येईल."

उतरले. गाडी वर आली. आत कांदेपोहे झाले. मुलीचा होकार आला.

दोन दिवसांनी बालाजी दुकानात हजर. हातात कंपनीच्या मापाच्या कोऱ्या स्प्रिंगा.

"चाचा, उचला गाडी."

चाचा भडकले. "वर्षभर मी घसा कोरडा करून राहिलो, तवा ऐकलं न्हाई!"

बालाजी खाली बघत म्हणाला, "तुमाला कुठं माझ्या शेजारी बसायचं होतं, चाचा?"