लपवलेली पट्टी

रविवारी सकाळी घोडपदेवला आई-अण्णांकडे गेले होते. हे लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय... पण पोटात ठेवून बघितलं, राहत नाही.

आमच्या गावच्या मुंबई मंडळात अण्णांकडे वर्षानुवर्षं एकच काम. शिमग्याला गावी देवाची पालखी कुठल्या दिवशी कुणाच्या घरी येणार, त्याची यादी टाइप करायची आणि चाळीच्या बोर्डावर लावायची. त्या यादीवर लोक रजा टाकतात, गाडीची तिकिटं काढतात. पालखी दारात आली आणि घराला कुलूप असलं, तर ते माणसाला वर्षभर बोचतं.

आधी ऑफिसातला टाइपरायटर होता, मग परळच्या एका झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर. यंदा म्हटलं, अण्णा, घरीच करा. माझा जुना लॅपटॉप पडून होता, चहा उकळून गार झाला तरी सुरू न होणारा. त्याच्यावर हलकंसं लिनक्स टाकलं, मराठी कीबोर्ड लावून दिला, टाइप करायच्या प्रोग्रॅमचा आयकॉन मोठा करून स्क्रीनच्या मधोमध ठेवला. लॅपटॉप चक्क पळायला लागला.

तिथेच थांबले असते तर बरं होतं... पण माझे हात शिवशिवतात ना. एवढीशी स्क्रीन आणि खाली ती टास्कबारची, चालू विंडो दाखवणारी जाड पट्टी. सेटिंगमध्ये जाऊन ऑटो-हाइडवर टिक केली, म्हणजे पट्टी आपोआप लपणार. लपल्यावर जाडी शून्य, म्हणजे रेघसुद्धा दिसायला नको. वर अर्ध्या सेकंदाचा डिले, म्हणजे माउस खालच्या कडेला क्षणभर स्थिर धरला तरच पट्टी वर येणार.

स्क्रीन काय स्वच्छ दिसत होती... अण्णांना एकदा करून दाखवलं, ते "बरं" म्हणाले. दाखवताना माउस माझ्या हातात होता.

आठवड्याने त्यांचा फोन आला, टाइप केलेली यादी दिसत नाही म्हणून. मी दादरला ऑफिसात, मीटिंगच्या दारात. "अण्णा, काही जात नाही कुठे. माउस खाली न्या आणि नीट बघा," एवढं बोलून ठेवून दिला. परत फोन आला नाही, म्हणजे जमलं असणार, असं मी धरून चालले. मला सोयीचं होतं ते.

तर रविवारी गेले, बोर्डावर यादी लागलेली होती. फॉन्ट वेगळाच, चार आडनावं चुकलेली... अण्णांची नव्हतीच ती. आईने भांडी लावता लावता सांगितलं की यादीला उशीर झाला, लोक दारात येऊन विचारायला लागले, तेव्हा अण्णांनी स्वतःच मंडळाच्या सेक्रेटरींना बोलावून घरांची नावं लिहिलेली वही त्यांच्या हवाली केली. आता माझ्याच्याने होत नाही, म्हणाले म्हणे.

लॅपटॉप टीव्हीशेजारी होता, चार्जरची वायर लावलेला, वर धुतलेला टॉवेल. मी मनातून चिडले होते, खोटं कशाला बोलू. एवढं सगळं करून दिलं आणि यांनी झाकून ठेवलं.

झाकण उघडलं तर स्क्रीन कोरी. सवयीने माउस खालच्या कडेला नेऊन धरला, पट्टी वर आली... आणि माझा हात तिथेच राहिला. पट्टीवर एकाला एक चिकटून अकरा विंडो होत्या.

एकेक उघडली. सगळीकडे तीच यादी, तीच सुरुवात. पहिलीत बावीस घरं, दुसरीत चौदा, पुढे आणखी कमी. शेवटच्या विंडोत गावाचं नाव आणि तिथी, बाकी काही नाही.

अण्णा आयुष्यभर हेडक्लार्क. टेबलावरून उठताना हातातला कागद उपडा ठेवायचा, ही त्यांची शिस्त आम्ही लहानपणापासून बघत आलोय. इथेही जेवायला, औषधाला उठताना ते कागद उपडा ठेवत होते, म्हणजे विंडो मिनिमाइज करत होते. परत येऊन बसायचे तर कागद नाही. मग मधला आयकॉन दाबायचा आणि पुन्हा पहिल्या घरापासून. लॅपटॉप कधी बंद करत नव्हते, नुसतं झाकण मिटायचे, म्हणून ते अकरा कागद तिथे एकावर एक पडून राहिले.

अण्णा मागे येऊन उभे होते. त्यांना म्हटलं, जरा माउस खाली नेऊन धरा बघू. त्यांनी धरला... बाण कडेवर थरथरत राहिला, सारखा निसटत राहिला. त्यांचा उजवा हात कापतो. वर्ष झालं, आई म्हणाली. मला तो रविवारी दिसला.

मी टिक काढली. तीन सेकंदांचं काम. पट्टी खाली ठाण मांडून बसली आणि अण्णा बराच वेळ त्या अकरा चौकोनांकडे बघत राहिले.

"म्हणजे मी टाइप केलं होतं तर," ते म्हणाले. "मला वाटलं, तुझ्या आत्यासारखं माझंही सुरू झालं."

आत्या शेवटी शेवटी आम्हाला कुणालाच ओळखत नव्हती. ही भीती घेऊन हा माणूस इतके दिवस दहा बाय बाराच्या खोलीत वावरत होता, आणि आईलाही बोलला नाही... का, तर मला स्क्रीन स्वच्छ हवी होती म्हणून. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सेक्रेटरींना आत्ता फोन करते, वही परत मागते, म्हटलं. नको म्हणाले. दिलेलं काम परत मागू नये. टॉवेल उचलून घडी घालायला लागले.

मला रडू येत होतं, म्हणून आवाज चढला. म्हटलं, मग मला फोन का नाही केलात?

त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. घडी नीट करत म्हणाले, "केला होता ना बाय, एकदा."