नईम चूप काऊन होता

फोन दुपारी पावणेबाराला आला, लोडशेडिंग सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधी. मी भद्रावतीच्या आमच्या सायबर कॅफेत एकटीच होते आणि सहाही कॉम्प्युटर बंद करत होते, कारण लाइन अचानक गेली की हार्ड डिस्क खराब होते आणि मग नईम दिवसभर माझं डोकं खातो. पलीकडे दसरूभाऊ होते. दसरूभाऊ म्हणजे चिमूरकडच्या जंगलातल्या एका गावचे म्हातारे, नईमचे तिकडचे सोबती. त्यांनी जन्मात मला फोन केला नव्हता. "बाई, नईमभाऊ गेला," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "कुठी गेला? संध्याकाळी येतो म्हणाला होता नं?" त्यावर ते बूथवर उभ्याउभ्या रडायला लागले, तेव्हा कुठे मला कळलं. पहाटे, मोहाच्या झाडाखाली, अस्वलानं. जीपमध्ये घालून चंद्रपूरला निघाले आणि वाटेतच... मी फोन ठेवला आणि उरलेले दोन कॉम्प्युटर नीट बंद केले. का केले, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. 'हौशी तरुणाला अतिउत्साह नडला.' अतिउत्साह म्हणे! लिहिणाऱ्यानं नईमचं तोंड तरी पाहिलं होतं का? मग घरी येणारे सुरू झाले. कुणी म्हणे नशीब, कुणी म्हणे वेळ आली होती, कुणी म्हणे गेम खेळणाऱ्या पोट्ट्यांचं असंच होते. एकाला मी दारातूनच परत पाठवलं. नशीब गेलं खड्ड्यात. चाळिसाव्याला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा बायकांच्या गर्दीत चाचीनं, म्हणजे नईमच्या आईनं, माझा हात धरला आणि विचारलं, "वर्षा, माहा पोरगा झोपेतबी बडबडे. दसरूभाऊ सांगते का बोलत बसला असता तं वाचला असता. मग तो चूप काऊन होता?" उत्तर मला ठाऊक होतं. सगळ्या भद्रावतीत फक्त मलाच ठाऊक होतं. मी मान खाली घातली, ताटातला भात संपवला आणि घरी आले. हा लेख लिहायला बसले ती त्या भाताची चीड घेऊन.

नईम आणि मी शाळेपासून एका वर्गात. त्याच्या वडिलांचं लाऊडस्पीकरचं दुकान. उरूस असो, आमची एप्रिलातली मिरवणूक असो की कुणाचं लग्न, खांबावर भोंगा बांधायला तेच. नईम लहानपणी मांडवाच्या मागं अ‍ॅम्प्लिफायरजवळ बसून असायचा आणि चार भोंग्यांपैकी कोणत्याचा पडदा फाटलाय हे डोळे मिटून सांगायचा. आणि बोलायचा! अखंड बोलायचा. शिकवणाऱ्या गुरुजींच्या वर आवाज चढवून बोलायचा. पुढं मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, त्यानं काहीच केलं नाही, आणि वडिलांच्या अर्ध्या दुकानात पडदी टाकून आम्ही कॅफे काढला. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीतली पोरं यायची. बापानं पाठवलेलं असायचं रिझल्ट पाहायला आणि बसायची गेम खेळत. मुलीनं असल्या ठिकाणी बसावं का, यावर कॉलनीत पुष्कळ चर्चा झाली. ती चर्चा करणाऱ्या बायांची पोरं माझ्याचकडे पासवर्ड विसरल्याची तक्रार घेऊन यायची.

सहा कॉम्प्युटर वायरनं जोडून सहा जण एकाच खेळात उतरू शकायचे. लपून जायचा खेळ होता. एक जण राखणदार, त्याच्या हातात बंदूक आणि बॅटरी. बाकीच्या पाचांकडे काही नाही, फक्त अंधार. त्यांनी त्याच्या नजरेआड राहून जंगल ओलांडायचं. जंगल मी बांधायचे, म्हणजे झाडं, नाला, पायवाटा, पहारा. आवाज नईमचे. मूळ खेळात संगीत होतं. राखणदार जवळ आला की ढोल वाजायला लागायचे. नईमनं दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी ते सगळं उपटून फेकलं. मी भांडले. इतकं छान संगीत आहे, काऊन काढतो? तो म्हणाला, "हे संगीत चुगली करून राह्यलं. आता भिवा, आता नका भिऊ, असं सांगते. भेव असं सांगून येते का बे कधी?"

त्यानं संगीताच्या जागी किड्यांची किरकिर टाकली. एकसारखी, कंटाळा येईल इतकी. दहा मिनिटांत पोरांना ती ऐकू यायची बंद व्हायची. मग कुणी ज्या बाजूच्या गवतातून सरकायचं, त्या बाजूची किरकिर थांबायची. बस, एवढंच. आवाज यायचा नाही, आवाज जायचा. पहिल्यांदा हे खेळताना ऑर्डनन्सच्या कॉलनीतला दणकट पोट्टा हेडफोन काढून माझ्याकडे पाहायला लागला, "मॅडम, डाव्या कानाचा आवाज गेला वाटते." नईम हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. सागाच्या वाळल्या पानांवर पाय पडला की कुरकुर, नाल्याच्या रेतीत काहीच नाही, म्हणून सगळे नाल्यातून जायला बघायचे आणि हुशार राखणदार नाल्यावरच बसायचा. याखाली त्यानं ट्रान्सफॉर्मरची घरघर टाकली होती, ऐकू येईल न येईल अशी, आणि ती दर मिनिटाला तीळभर वाढायची. का हाताला घाम येतोय हे कुणालाच कळायचं नाही. आणि मग ती एकदम बंद. त्या क्षणी कॅफेतले सहाच्या सहा जण श्वास धरायचे... मी काउंटरवरून पाहिलंय, सहा पाठी एकदम ताठ.

पण तो म्हणायचा, मशीनशी खेळताना ही गंमत येत नाही. मशीनला कान नाहीत. माणूस माणसापासून लपतो, तेव्हा खरा जीव वर-खाली होतो. शेजारच्या खुर्चीतलाच आपला वैरी असतो, आणि त्याच्या खुर्चीची कुरकुर खेळातल्या कुरकुरीपेक्षा जास्त सांगून जाते. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटताना पन्नी वाजली की समोरच्याला कळायचं, हा आता निवांत आहे, म्हणजे लपून बसलाय. म्हणून कॅफेत खर्रा बंद. खुर्च्यांच्या पायांना नईमनं सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले. भिंतीवर पाटी लावली, 'खेळताना बोलू नये', आणि पाटीखाली उभा राहून स्वतः दिवसभर बोलायचा. चंद्रपूरहून पोरं बस धरून यायला लागली.

जंगलाचे आवाज खरेच पाहिजेत, हा त्याचा हट्ट. वडिलांच्या दुकानातला जुना माइक, एक रेकॉर्डिंगचा वॉकमन, आणि सोबत दसरूभाऊ. आमच्याकडं जंगलात कुणी गुपचूप चालत नाही. मोहफुलं वेचायला पहाटे बाया जातात त्या मोठमोठ्यानं बोलत, हाका मारत, काठी आपटत. अस्वलालाही मोह लागतोच. त्याला लांबून कळलं की माणूस येतोय, तर ते आपलं बाजूला होतं. न कळता माणूस समोर आला की दचकतं, आणि दचकलं की अंगावर येतं. दसरूभाऊंनी पहिल्याच दिवशी नईमला सांगितलं होतं, "बोलत राय. काई सुचलं नाई तं खोकत राय." नईमला हे सांगावं लागणं म्हणजे... त्यामुळं त्याच्या प्रत्येक कॅसेटवर जंगल कमी आणि नईम जास्त. वानरांनी वाघाचा इशारा दिला की लगेच, "भाऊ, ऐकलं का, कसा खेकसला!" चितळ ओरडलं की खोकला. पहाटेची पाखरं सुरू झाली की हा भाकरी मागतोय.

ते सगळं कापायचं काम माझं. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायची आणि पडद्यावरच्या रेघोट्यांमधून नईम शोधून काढून टाकायचा. दीड वर्ष मी हेच केलं. त्याचा शब्द, त्याचं हसू, नाक ओढणं, सगळं. मी यात इतकी पटाईत झाले की आवाज न ऐकता नुसती रेघ पाहून सांगायचे, हा नईमचा खोकला.

मार्चमध्ये एका कॉलेजच्या गॅदरिंगला आमचा खेळ मांडायचं ठरलं. पहिल्यांदाच कॅफेबाहेर, शेकडो पोरांसमोर. नव्या जंगलात मला एक पहाट हवी होती. किरकिर थांबलेली आहे आणि पाखरं अजून सुरू झालेली नाहीत, मधला तो थोडा वेळ. त्यात राखणदार बदलतो आणि सगळे एकदम निघतात, असा डाव. नईमनं तीन कॅसेटी आणल्या. तिन्हीत नेमका त्या वेळी हा बोलतोय. किड्यांच्या आवाजातून माणूस कापला तर जोड लपतो, शांततेतून कापला की भोक पडतं. तीन दिवस मी त्या भोकांशी झगडले. चौथ्या दिवशी हेडफोन टेबलावर आपटला आणि त्याला म्हणाले, "तुह्या बडबडीनं जीव खाल्ला माहा. एक तरी अशी कॅसेट आण का ज्याच्यात तू नाई."

तो चिडला नाही, हीच तर बोंब. चिडला असता, उलट बोलला असता, तर मी जेवायच्या वेळेपर्यंत विसरले असते. तो म्हणाला, "बरं. आणतो." दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बसनं गेला. दसरूभाऊंना त्यानं मोहाच्या राईअलीकडंच थांबवलं. "भाऊ, तुमी इथीच बसा. मॅडमले माहा आवाज नाई पायजे." ते नको नको म्हणाले. आणि ज्या माणसाला देवानं तोंड मिटायला शिकवलंच नव्हतं, तो आयुष्यात पहिल्यांदा चूप बसला. माझ्या सांगण्यावरून. मला त्याचा इतका राग येतो, इतका राग येतो की काय सांगू. एवढं कसं ऐकलंस रे? दीड वर्ष माझी एक गोष्ट ऐकली नाहीस, खर्रा सोड म्हटलं तर सोडला नाहीस, आणि हीच बरी ऐकलीस!

गेल्या आठवड्यात मी चाचीकडं गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले. चाची मशीनवर ब्लाउज शिवत होती. घरात बसून शिवणाचं काम करते ती, आणि मशीनशेजारी वॉकमन होता, जीपवाल्यानं आणून दिलेला. कॅसेट आतच होती. "मले हे चालू करता येत नाई," ती म्हणाली. "याच्यात त्याचा आवाज असन. लाव." मी नाही म्हणू शकले नाही. तिच्या कानांवर हेडफोन ठेवला, कॅसेट मागं घेतली आणि बटन दाबलं. ती डोळे मिटून बसली. एक अख्खी बाजू बसली. मी तिच्या तोंडाकडं पाहत होते. अस्वल यायच्या आधीच ती बाजू संपली असावी. कॅसेट खटकन थांबली, तसा तिनं हेडफोन काढला आणि म्हणाली, "याच्यात तं काईच नाई. माहा पोरगा कुठी हाये याच्यात?"

मग मी सांगितलं. भोकं, गॅदरिंग, मी काय बोलले, सगळं. शब्द न् शब्द. वाटलं होतं ती मारेल, निदान हाकलून तरी देईल. तिनं मशीनचं चाक हातानं थोडं मागं फिरवलं, थोडं पुढं. मग म्हणाली, "बाकीच्या कॅसेटीत तं होता नं तो? बोलला होता नं?"

"होता चाची. पण मी कापलं. आणि कॅसेटी आम्ही पुसून पुन्हा वापरायचो."

"कापलं ते समजलं मले." तिनं मशीनखालची पिशवी पायानं पुढं ओढली. तिच्यात कपड्यांचे तुकडे होते, बोटभर, चार बोटं, गावातल्या सगळ्या बायांच्या ब्लाउजांचे. "कापलेलं कुठी ठेवलं? थेच दे."

मी म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये कापलेलं राहत नाही. तिला ते पटेना. दीड वर्ष कापत होती आणि एक तुकडा ठेवला नाही, असं कसं होईल? तिनं पुन्हा विचारलं, एकबी नाई? हसल्याचा? खोकल्याचा तरी?

"एकबी नाई, चाची," मी म्हणाले.