तिच्या वाट्याचा तांब्या

बायको गेल्यापासून घरात बूड टेकत नाही. चहा ठेवतो, उकळायच्या आत बाहेर येतो. तलावाच्या पाळीवर जातो, तिथंही थांबवत नाही, परत फिरतो. लोक म्हणतात, देवाचं नाव घ्या. घेऊन पाहिलं. पाय ऐकत नाहीत.

तिच्या काखेत गाठ होती, जुनी. दुखत नव्हती म्हणून कोणाला दाखवली नाही. मग पाय सुजले. रोवण्याचे दिवस होते. आमच्याकडं बाया दिवसभर चिखलात वाकून धान रोवतात, पाय सुजतातच. सोबतच्या बाया म्हणाल्या, "चिखलाचं आहे, हळद-तेल लाव." लावलं. धान कापणीला आलं, शेतातल्या बांद्यांचा चिखल वाळला, तरी सूज तशीच. बांधावर चढताना दम लागायचा. तेव्हा समजलं, हे चिखलाचं नाही.

भंडाऱ्याहून नागपूरला पाठवलं. गाठीचा तुकडा तपासला, हृदयाचा फोटो काढला. डॉक्टरीण पोरीच्या वयाची, पण नीट सांगितलं तिनं. "बाबा, गाठीच्या आजारानं अंगात खराब प्रथिन तयार होतं. अमायलॉइड म्हणतात त्याला. ते हृदयात साचलं, हृदय कडक झालं."

मी म्हटलं, "मंग काढा ना ते."

"गाठ काढता येते. हृदयात बसलेलं खरवडता येत नाही."

गाठ काढली. मीठ बंद केलं. पाणी मोजकं, जास्त झालं तर छातीत साचतं म्हणून. दिवसाचं पाणी एका तांब्यात भरायचं, संपलं की संपलं. तांब्या माझ्याजवळ. गुळणी करायला दिलं तरी गिळते की काय, म्हणून तिच्या तोंडाकडं बघत बसायचो.

"द्या ना वो एक घोट."

"संपलं तुहं."

"तलावाच्या पाण्यासाठी साऱ्या गावासंग भांडता, कोनाची बांदी कोरडी राहू देत नाही. अन मले?"

"तुह्या छातीतच तलाव भरून राहिला, म्हणून."

ती हसली. हसता हसता धाप लागली, तर मी तिच्यावरच खेकसलो.

एका दुपारी तिचे डोळे फिरले. शेजारची म्हातारी ओरडली, "तोंडात पानी घाल!" जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात, आमची रीत आहे. तांब्यात थोडं शिल्लक होतं. उचलला, अन हात थांबला. घातलं अन दम कोंडला तर?

"काहून थांबला रे? आता काय मोजतं?"

घातलं. पहिला घोट गेला की नाही, कळलं नाही. दुसरा ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर आला. तिच्याच पदरानं पुसला, अन तांब्या रिकामा होईपर्यंत घालत राहिलो.