राजेश्वरीची बिनचाकांची बॅग

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी राजेश्वरी मोहितेला स्वतःची अशी पहिली बॅग घ्यायची होती. तोवर प्रवास काही कमी झाले नव्हते. कोल्हापूरची लग्नं झाली, द्वारका झाली, एकदा काश्मीरसुद्धा. पण प्रत्येक वेळी तिचे कपडे नवऱ्याच्या मोठ्या सुटकेसमध्ये एका कडेला जायचे, आणि ती कड किती रुंद ठेवायची ते प्रतापसिंह ठरवायचे. शाळेत मुलांकडून कवायत करून घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतरही घरातलं सामान भरायचं खातं त्यांच्याकडेच होतं. दोन दिवसांसाठी चार डाग नेणारा माणूस.

राजेश्वरी शहराच्या गोरवा भागातल्या एका कारखान्यात नोकरीला होती. तिथे पंपांची सीलं बनायची. पंपाचा फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथून आतलं रसायन गळू नये म्हणून दोन कड्या एकमेकींना चिकटून फिरतात, आणि त्या इतक्या सपाट लागतात की केसाच्या शंभराव्या भागाएवढा उंचवटाही चालत नाही. ती सपाटी तपासण्याचं काम सव्वीस वर्षं राजेश्वरीकडे होतं. पिवळ्या दिव्याखाली कडीवर जाड काचेची एक चकती ठेवायची, की काचेत काळ्या रेघा उमटतात. रेघा सरळ असल्या तर कडी सपाट. वाकड्या असल्या तर ती कुठे आणि कशाने बिघडली, हे राजेश्वरी नुसतं बघून सांगायची. मग कारखान्यातले पुरुष गिऱ्हाइकाकडे जाऊन तेच सांगून यायचे आणि शाबासकी घेऊन परतायचे.

तिला मात्र कधी कुणी पाठवलं नाही. "बेन, बाहेरगावची धावपळ, सामानसुमान, तुम्हाला नाहक त्रास," असं मालक गुणवंतभाई म्हणायचे, आणि अगदी मनापासून म्हणायचे. त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नसे.

मग राजमहेंद्रीजवळच्या एका कारखान्यात गुणवंतभाईंची सीलं गळायला लागली. एकदा बदलली, दुसऱ्यांदा बदलली, तिसऱ्यांदाही आठ दिवसांत गळती सुरू. दोन इंजिनियर जाऊन हात हलवत परत आले. तिकडून निरोप आला, की तुमच्या कड्याच सदोष आहेत, सगळा माल परत पाठवतो.

"कड्या सदोष नाहीत," राजेश्वरी त्या दिवशीच्या बैठकीत म्हणाली. "माझ्या नजरेखालून गेल्यात त्या. मला जाऊ द्या. त्यांच्यासमोर चकती ठेवून दाखवते."

"पण ती काच तर आपण टेबलावरूनसुद्धा हलवत नाही!" गुणवंतभाई म्हणाले.

"मी नेईन. माझ्या हाताने."

गुणवंतभाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "सारू बेन, ठीक आहे. पुढच्या गुरुवारी निघा. इंद्रनील येईल सोबत."

इंद्रनील म्हणजे विक्री खात्यातला तरुण अधिकारी. हुशार, बोलका, आणि महिन्यातले वीस दिवस विमानात.

घरी बातमी सांगताच प्रतापसिंहांनी माळ्यावरून आपली चाकांची बॅग काढली. "ही ने. नवीकोरी आहे."

राजेश्वरीने तिच्यात डाळीचा स्टीलचा डबा ठेवला आणि सोसायटीच्या आवारात, फरशीच्या ठोकळ्यांवरून, एक फेरी मारली. डबा आत असा खडखडला की तळमजल्यावरच्या शालिनीताई खिडकीत आल्या. मुठीपासून कोपरापर्यंत हाताला झिणझिण्या येत होत्या. चकतीच्या कडेचा एवढासा टवका उडाला तरी ती गेली. मग तिने बॅग रिकामी करून काट्यावर ठेवली. भरली तीन किलो.

"विमानात जवळ सात किलो चालतात. त्यातले तीन ही नुसती चाकं आणि दांडाच खाणार?" ती म्हणाली. "अहो, मला बिनचाकांची हवी. लहान. सीटखाली जाईल अशी."

"खांद्याचं काय होईल तुझ्या?"

"खांदा माझा आहे ना?"

शनिवारी ती दुकानात गेली, आणि जाताना नेण्याचं सगळं सामान कापडी पिशवीत घालून गेली. दोन कुर्ते-सलवार, टॉवेल, औषधं, कागद, छोटा पिवळा दिवा, आणि चकतीच्या डब्याच्या मापाची एक लाकडी पेटी. कारखान्यात घालायचे पोलादी टोपीचे जाडजूड बूट तिने मुद्दामच घेतले नाहीत. ते पायात घालूनच प्रवास करायचा, हे तिने ठरवून टाकलं होतं.

दुकानदार हार्दिकभाईंनी आधी चाकांच्याच बॅगा पुढे केल्या. ती ऐकेना, तेव्हा पाठीवरची सॅक काढली. राजेश्वरीने पाठीवर घेऊन पाहिली आणि उतरवली. "मागे कुणी धडकलं तर मला कळणार नाही. मला सामान डोळ्यांसमोर हवं." मग एक गोल, पिंपासारखी बॅग आली. ती भरली की बूड टेकून उभी राहीना, लोळायची. तिसरीची चेन कोपऱ्यावर अडकायची. चौथीचा पट्टा जिथे शिवला होता तिथे राजेश्वरीने नखाने शिवण उसवून पाहिली आणि ती सहज उसवली.

"बेन," हार्दिकभाई कपाळावर हात मारून म्हणाले, "तुम्ही बॅग घ्यायला आलात की पास-नापास करायला?"

"तेच करते मी. सव्वीस वर्षं."

हार्दिकभाई हसले, आणि एकाएकी त्यांनाही त्यात रस आला. स्टुलावर चढून त्यांनी वरच्या फळीमागून एक चौकोनी, कॉफी रंगाची, जाड कापडाची बॅग काढली. "आ कोई लेतुं नथी, कुणी घेतच नाही ही. चाक नाही, चमक नाही. पण शिवण बघा."

राजेश्वरीने बघितली. पट्ट्याच्या मुळाशी दुहेरी टाके, आणि त्यावर आडवी फुली. चेन तिन्ही बाजूंनी उघडायची, म्हणजे बॅग पुस्तकासारखी पसरायची आणि तळाचं काही शोधायला उपसाउपशी नको. वजन जेमतेम सहाशे ग्रॅम. तिने गल्ल्यावरच सामान भरायला घेतलं. मधोमध पेटी, तिच्या चहूबाजूंनी कपडे. सगळं बसलं आणि वर चार बोटं जागा उरली, नव्या कड्यांच्या डब्यापुरती. तिने बॅग खांद्याला लावली, दुकानात इकडून तिकडे चालली, जोरात वळली. पेटी जागची हलली नाही.

"पास," ती म्हणाली. हार्दिकभाईंनी टाळी वाजवली.

पुढचे तीन दिवस सकाळी ती भरलेली बॅग खांद्याला लावून निजामपुऱ्यातल्या घरापासून पलीकडच्या समा वस्तीपर्यंत चालत जाऊन येई. पहिल्या दिवशी खांदा दुखला. दुसऱ्या दिवशी तिने पट्टा आखूड करून बॅग कमरेपाशी घट्ट घेतली, तसा भार उतरला. तिसऱ्या दिवशी प्रतापसिंहही बूट घालून निघाले. सोसायटीपाशी परत येईपर्यंत तिच्या मागून चालत राहिले. दारात म्हणाले, "चाल चांगली आहे तुझी. वाकत नाहीस."

नवऱ्याच्या तोंडून इतकी मोठी शाबासकी तिने पूर्वी ऐकली नव्हती.

गुरुवारी विमानतळावर इंद्रनीलने तिचं सामान पाहिलं. "मॅडम, एवढंच? नव्या कड्यांचा डबा माझ्या बॅगेत टाका ना, चाकं आहेत."

"कड्या माझ्यापाशीच राहू दे."

हैदराबादला पोचायला उशीर झाला. पुढच्या विमानाला थोडाच वेळ उरला होता. दोघं धावत सुटले. राजेश्वरी पोलादी टोपीच्या बुटांत, बॅग कमरेला धरून, पुढे. पुढचं विमान लहान, पंख्याचं. शिडीपाशीच कर्मचाऱ्यांनी चाकांच्या बॅगा काढून घेतल्या. वर जागा नाही, पोटात टाकतो म्हणाले. राजेश्वरीच्या बॅगेकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. बॅग सीटखाली सरकली, दोन्ही पावलांमध्ये. राजमहेंद्रीला उतरल्यावर कळलं, की वजन जास्त झाल्याने काही बॅगा हैदराबादलाच राहिल्यात. इंद्रनीलची त्यांतच होती. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

"चला," राजेश्वरी म्हणाली. "कामाचं सगळं आलंय."

दुपारी कारखान्यात व्यवस्थापक भास्करराव आणि त्यांची पाच-सहा माणसं जमली. राजेश्वरीने टेबलावर बॅग उघडून पसरली, टॉवेलात गुंडाळलेल्या डब्यातून चकती काढली, पिवळा दिवा लावला आणि एक नवी कडी ठेवली. "या, बघा." एकेक जण वाकला. काचेत काळ्या रेघा, पट्टीने आखल्यासारख्या सरळ. दुसरी कडी, तिसरी, चौथी. सगळ्या तशाच.

"आता गळलेली द्या."

त्या कडीवर घासल्याची चमक समोरासमोर फक्त दोनच ठिकाणी होती. बाकी कडी कोरी. राजेश्वरीने ती बोटांत फिरवली. "हिला कुणीतरी चिमटीत धरलंय. कडी वाकडी नव्हती, बसवताना वाकवली गेलीय. आता नवी बसवून दाखवा मला."

फिटरने झाकण लावलं आणि पहिला बोल्ट ताकद लावून एकदम शेवटपर्यंत आवळला.

"थांबा!" ती म्हणाली. "असा नाही. आधी हा जरासा, मग समोरचा जरासा. मग आडवा. थोडं थोडं, सगळे सारखे." ती शेजारी उभी राहिली आणि चौथ्या फेरीपर्यंत मोजत राहिली.

पंप सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी भास्करराव स्वतः पंपाखाली पांढरा कागद धरून बसले. अर्ध्या तासाने त्यांनी तो कोरडा कागद राजेश्वरीच्या हातात दिला. "मॅडम, यावर सही करा. मी भिंतीला लावतो."

माल परत आला नाही, उलट नवी मागणी आली. गुणवंतभाईंनी तिच्या हाताखाली दोन मुली दिल्या, आणि बाहेरगावच्या तक्रारींचं खातं तिच्या नावावर केलं. वर्षभरात तिचे सतरा दौरे झाले. दोन दिवस, एक मुक्काम, कधी सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

अलीकडे एका मोठ्या कारखान्यात, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून, ती एका गळत्या पंपापाशी कान देऊन उभी होती. भोवती वीसेक माणसं.

"बंद करा," ती म्हणाली.

"मॅडम, तो बंद केला तर सगळी लाइन थांबेल."

"थांबू दे. बंद करा."

तिथल्या साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि हात वर करून खूण केली. लाइन थांबली. त्या अचानक पडलेल्या शांततेत राजेश्वरीने बाह्या सारल्या आणि पाना मागितला.