मोकळ्या मनगटाच्या प्रमिलाताई

सौ. प्रमिलाताई जगदाळे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्याच सुमारास त्या नर्सच्या नोकरीतूनही मोकळ्या होत आहेत. देवासच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि त्यात माझाही लेख हवा म्हणून एकाला धारला माझ्याकडे पाठवले. मी त्याला म्हटले, "भिया, मला अक्षर येत नाही." तो म्हणाला, "आजी, बोलता तर येतं ना?" ते येते. तेव्हा मी बोलते आहे आणि माझी सून लिहिते आहे. भाषा जिथे फार शहाणी वाटेल तिथे सुनेचा हात समजावा, आणि जिथे तिरकस वाटेल तिथे माझी जीभ.

आम्ही कासार. आमच्या घरचे मराठी दरबाराच्या मागोमाग माळव्यात आले आणि बांगड्या भरत इथेच राहिले. धारला दुकान आणि नालछ्याचा हाट, यात माझा जन्म गेला. त्यामुळे मला खोड अशी की माणसाचे मनगट आधी दिसते, तोंड मागाहून. प्रमिलाताईंचेही तसेच झाले. त्या बदलीवर धारला होत्या आणि आमचे यजमान छातीच्या दुखण्याने इथल्या दवाखान्यात भरती होते. मी पलंगाशी बसले होते आणि समोर दोन मोकळी मनगटे आली. काच नाही, सोने नाही, घड्याळसुद्धा नाही, ते छातीशी पिनेने अडकवलेले. गळ्यात मंगळसूत्र मात्र होते.

"सिस्टर, हात मोकळे का? चांगल्या काचेच्या भरून देऊ?" मी विचारले.

"ड्यूटीवर नको, काकू."

"आणि घरी?"

"घरी जाऊ तेव्हा ना!"

एवढे बोलून त्या यजमानांचा हात घेऊन बसल्या. हाताला सलाइनची बॉटल लावलेली होती. सुई न हलवता त्यांनी वरची चिकटपट्टी पाण्याने भिजवून सोडवली, सोडवताना दुसऱ्या हाताच्या बोटाने कातडी धरून ठेवली. सुईच्या मागे प्लॅस्टिकचे कडक टोक असते, त्याचा ठसा यजमानांच्या हातावर लालभडक उमटला होता. त्यांनी गॉजची छोटीशी घडी त्या टोकाखाली सरकवली आणि हाताखाली दबलेली नळी मोकळी केली.

मी म्हटले, "वा! सुईला गादी, आणि माझ्या माणसाला ही पलंगावरची चिंधी?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गादीचं मी वर कळवलंय, काकू. तोवर माझ्या हातात आहे ते करते."

यजमान पडल्या पडल्या म्हणाले, "सिस्टर, एक घडी हिलाही द्या. तोंडात ठेवायला." तेव्हा मात्र त्या हसल्या. ही आमची पहिली ओळख.

ज्यांचा दवाखान्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. बॉटल लावली की घरचे सगळे बॉटलकडे बघतात. किती उरली, थेंब पडतोय की नाही. सुईचे कडक टोक मात्र एकाच जागी कातडीवर दाबत राहते. म्हाताऱ्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली असते, बाळाची तर कोवळीच. तापात पडलेला माणूस सांगत नाही. मग जागा लाल होते, काळी पडते, आणि तापासाठी आलेला माणूस हाताला जखम घेऊन घरी जातो. प्रमिलाताईंनी सारी नोकरी या जागेवर डोळा ठेवला. पाळीवर आल्या की आधीच्या पाळीची पट्टी कितीही नीट दिसो, त्या खाली बघायच्या. पट्टी कुणी मनगटाभोवती गोल गुंडाळली असेल तर सोडायला लावायच्या. "हे मनगट आहे, राखी नाही," असे त्यांचे ठरलेले वाक्य होते. आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या तरी बायकांच्या घड्याळाचे पट्टे सैल करून जायच्या. वाण विसरायच्या, पट्टे नाही.

मोकळ्या मनगटाचे खरे कारण मला पुढे कळले. लग्नानंतर नव्याने देवासला नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या हातात हिरवा चुडा होता. एका म्हाताऱ्याला कूस बदलून देताना बांगडीची कड त्याच्या दंडाला लागली आणि कातडी सोलून निघाली. तो ओरडलासुद्धा नाही. "कुछ नहीं, बेटा," असे म्हणाला. प्रमिलाताईंनी त्याच संध्याकाळी हात मोकळे केले. सासूबाईंनी बोलणे टाकले. नव्या सुनेने सणावाराच्या दिवसांत चुडा उतरवावा, त्यांना ते अपशकुनी वाटले. जगदाळे भाऊंनी आईला सांगितले, "आई, मी तुझ्यासमोर बसून दोन वेळा जेवतोय. आणखी काय पुरावा हवा?" सासूबाई हसल्या, पण त्यांच्या मनातली भीती जायला वेळ लागला. प्रमिलाताईंनी त्या भीतीला कधी वेडगळ म्हटले नाही. याचा उपयोग कुठे झाला, ते आता सांगते.

एक दिवस दुपारी माझ्या दुकानात दवाखान्यातून निरोप आला: सिस्टरनी बोलावले आहे, पक्कड घेऊन या. मला वाटले, माझे दात काढायचे ठरवले असावे.

कुक्षीकडची एक मुलगी होती, रेखा नावाची. बाळंतपणानंतर ताप चढला म्हणून तिला धारला आणले होते. निघतानाच कुणीतरी मनगटाजवळ सुई लावून दिली होती, तेव्हा चुडा वर कोपराकडे सरकवला असेल. वाटेत हात सुजला, जीपच्या हिसक्यांनी चुडा खाली उतरला आणि सुईच्या टोकावर येऊन घट्ट बसला. वरून पट्टी, पट्टीवर ओढणी. प्रमिलाताईंनी आपल्या सवयीने पट्टी सोडली म्हणून ते दिसले. काचेच्या बांगड्यांनी ते टोक मांसात रुतवले होते. भोवतीची कातडी जांभळी पडली होती. औषध पुढे जात नव्हते. दुसऱ्या हाताच्या शिरा आधीच्या सुयांनी सुजल्या होत्या, आणि त्याही हातात चुडा होताच.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, कापून मोकळं करा." त्यांचेही खरे होते. ताप वाढत होता.

पण सासू मुलीचा हात छातीशी धरून बसली होती. "चूड़ी नहीं उतरेगी. मेरा छोरा गुजरात में मजूरी पे है, उसका फोन नहीं लग रहा. इधर इसका हाथ सूना किया और उधर कुछ हो गया तो?" फाटकाशी जीप उभी होती. जबरदस्ती केली तर ती सुनेला उचलून परत कुक्षीला नेणार, हे तिच्या डोळ्यांत दिसत होते. तशी नेली असती तर हाताचे सोडाच, पोरगी वाचली नसती. वॉर्डातल्या सगळ्यांना ते कळत होते.

प्रमिलाताई डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, थोडा वेळ द्या. या थांबल्या तरच औषध जाईल." साहेबांनी हात पाहिला, सासूकडे पाहिले आणि म्हणाले, "थोडाच."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "काकू, हात रिकामा न ठेवता जुन्या बांगड्या काढायच्या तर तुम्ही काय करता?"

"आधी नवी भरते, मग जुनी वाढवते." सवाष्णीची बांगडी फोडली असे आम्ही म्हणत नाही, वाढवली म्हणतो.

"या हातात नवी जाणार नाही. दुसराही हात मला मोकळा लागेल. मग नवी कुठे भरायची?"

इतकी वर्षे बांगड्या भरल्या, असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

प्रमिलाताई सासूच्या समोर जमिनीवर उकिडव्या बसल्या. "माँजी, इसके नाम की चूड़ी घर की कोई सुहागन पहन ले, इसके ठीक होने तक, तो चलेगा?"

म्हातारीने सुनेच्या तोंडाकडे पाहिले. मग तिने हात सोडला, आणि स्वतःचा उजवा हात माझ्यापुढे केला. "म्हारा हाथ में डाल दो."

मी पिशवीतून लाल काच काढली. शेतात राबलेला हात, लाकडासारखा. "हाथ ढीला छोड़ो, माँजी."

"छोड़ा तो है."

"ये छोड़ा है? ये तो हल पकड़ रखा है!"

ती हसली आणि हात सैल झाला. मी सुनेच्या नावाने सासूच्या हातात बांगड्या भरल्या. तिने त्या कपाळाला लावल्या आणि सुनेच्या पलंगापासून बाजूला सरकली.

मग प्रमिलाताईंनी एकेका बांगडीखाली ओल्या गॉजची घडी सरकवली, घडीखाली आपले बोट घातले. "आता वाढवा," म्हणाल्या. पक्कड चुकली तर काच त्यांच्या बोटात जाईल, पोरीच्या हाताला लागणार नाही, अशी ती मांडणी होती. वाढवताना पोरगी अंग आखडायची आणि प्रमिलाताई तिच्या कानाशी सांगायच्या, "हाथ ढीला छोड़, बेटा, ढीला छोड़." मी नुकतेच सासूला सांगितलेले तेच वाक्य. शेवटची बांगडी निघाली, सुई काढली. खाली टोकाच्या आकाराचा खोल खड्डा होता, कडेला फोड आलेला. नवी सुई दुसऱ्या हातात वर कोपराकडे लागली, तिच्या टोकाखाली घडी ठेवली, औषध सुरू झाले. फाटकावरची जीप रिकामी परत गेली.

यापुढचे काम मला सगळ्यात मोठे वाटते. प्रमिलाताईंनी त्या सासूलाच पहाऱ्यावर बसवले. लाल जागेवर बोट दाबायचे. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक, लालच राहिली तर मला हाक मारायची. हे एवढे शिकवले. म्हातारी इतकी तरबेज झाली की शेजारच्या पलंगांवरच्या पट्ट्या उचलून बघायला लागली. शेवटी सिस्टरना तिला रागवावे लागले, "माँजी, अपनी बहू तक रहो!"

मुलाचा फोन पाण्यात पडला होता. तो दुसऱ्याच्या फोनवरून बोलला तेव्हा म्हातारी इतकी रडली की सगळा वॉर्ड गोळा झाला. ताप उतरला. जांभळी कातडी फाटली नाही, हळूहळू निवळली. पुढे एका सणाला सासू, सून आणि तो छोरा तिघे माझ्या दुकानात आले. रेखाच्या दोन्ही हातांत मी बांगड्या भरल्या. मनगटावर तांदळाएवढा फिकट डाग होता, बांगडी त्यावरून सहज सरकत होती.

पुढे प्रमिलाताई देवासला परत गेल्या आणि नव्या मुलींना शिकवू लागल्या. त्यांची रीत एकीने मला सांगितली. सुई न टोचता नुसते ते कडक टोक मनगटाला चिकटवायचे आणि त्यावर हात टेकून जेवायला बसायचे. "आजी, पोळी गोड लागेना, सगळं लक्ष मनगटाकडे," ती म्हणाली. पलंगावरच्या माणसाला टोक खुपते हे त्या पोरींना पुन्हा सांगावे लागत नाही.

आता माझ्यापुरते एक, आणि मग थांबते. आमचे यजमान गेले तेव्हा बातमी कळताच प्रमिलाताई देवासहून आल्या. बायका जमल्या होत्या. मी म्हटले, माझ्या बांगड्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, कासारीण आहे, माझ्या मीच वाढवीन. पक्कड घेतली. प्रमिलाताई शेजारी येऊन बसल्या. पर्समधून गॉज काढले, माझ्या बांगडीखाली घडी सरकवली आणि तिच्याखाली आपले बोट घातले. माझ्या मनगटाला ओरखडा आला नाही. तेव्हापासून आम्ही दोघी मोकळ्या मनगटाच्या.

गेल्या वर्षी त्या मला म्हणाल्या, "काकू, नोकरी सुटली की बांगड्या भरायच्या. तुमच्याकडूनच." मी सांगितले, विधवेच्या हातून शुभाच्या दिवशी भरल्या तर लोक बोलतील. त्या म्हणाल्या, "तुमच्या हातून भरायच्या, नाहीतर राहू द्या." हट्टीपणात त्यांना माझ्याखेरीज जोड नाही.

तर मंडळी, समारंभाला तुम्ही शाल द्या, श्रीफळ द्या. मी हिरवी काच घेऊन देवासला येते आहे. माप विचारायचे नाही, ते पहिल्या भेटीपासून माझ्या डोळ्यांत आहे. बोटे आता कडक झालीत, जरा वेळ लागेल, तेवढे सांभाळून घ्या. परमेश्वराजवळ एवढेच मागते की प्रमिलाताईंना भरपूर आयुष्य मिळो, जगदाळे भाऊ त्यांच्यासमोर बसून असेच दोन वेळा जेवत राहोत, आणि त्यांच्या हाताला सुई लागण्याची वेळच न येवो. आलीच, तर पट्टी उचलून खाली बघणारी त्यांनीच शिकवलेली एखादी पोर पलंगाशी असो.

आणा, सिस्टर, हात इकडे. सैल सोडा.