व्हायरसची तारीख

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सांगलीत एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होतो. डॉक्टरांनी संगणक घेतला, आणि त्याचा तीन महिन्यांचा कोर्स केलेला तिथे मी एकटाच. वासरात लंगडी गाय शहाणी, तसा प्रकार. संगणकाची राखण आपसूक माझ्याकडे आली. त्या खोलीत मी कुणाला चपला घालून येऊ देत नसे. बाहेरून आलेली फ्लॉपी आधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचो. त्याचा काडीचा उपयोग नाही हे मला ठाऊक होतं, पण हात लॅबमध्ये तयार झालेला.

फेब्रुवारीत आटपाडीकडची एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पोरगी वर्गात झोपायची, खेळायची नाही, तोंड सुजल्यासारखं दिसायचं. आम्ही थायरॉइडची तपासणी केली. रिपोर्ट देताना, कुणी विचारलं नसताना, मी म्हणालो, "ताई, हा कागद हरवला तरी काळजी करू नका. संगणकात तो कायम राहतो. कधीही या, दुसरा काढून देईन." मी मूळचा कडेगावचा, पण संगणकाचा विषय निघाला की माझी भाषा एकदम शुद्ध व्हायची. हाताने लिहायचं रजिस्टर तर मीच डॉक्टरांच्या मागे लागून बंद करवलं होतं.

मार्च उजाडला आणि पेपरात बातमी आली. जगभरच्या संगणकांत म्हणे एक व्हायरस लपून बसलाय, आणि एका ठरावीक तारखेला तो जागा होऊन सगळी माहिती पुसून टाकणार. आमच्याकडे प्रवासाचा दिवस वाईट निघाला तर आदल्या चांगल्या दिवशी पिशवी शेजारच्या घरी नेऊन ठेवतात. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. वडिलांच्या या सवयीला मी कायम हसायचो. आता मीही वेगळं काही केलं नाही. संगणकाचं घड्याळ वीस दिवस मागे, फेब्रुवारीत नेलं. ती तारीख त्याला दिसलीच नाही, तर व्हायरस उठेल कसा? रिपोर्टवर छापून येणारी चुकीची तारीख मी पेनानं दुरुस्त करायचो.

तेवढ्यात संगणकाला नवी खोड लागली. आमच्याकडे पेशंटचे नंबर रोज एकपासून सुरू व्हायचे. प्रत्येक नंबर घालताना तो इंग्रजीत विचारू लागला, की या तारखेला या नंबरवर आधीच नोंद आहे, ती काढून नवी लिहू का? मी आपला दर वेळी 'हो' म्हणायचो. आठवडाभर म्हणत राहिलो. मग वाईट तारीख टळली, मी घड्याळ पुन्हा जागेवर आणलं, आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. त्या दिवशी मी घरी जरा ताठ मानेनंच गेलो.

वैशाखात ती बाई परत आली. बाहेर पायऱ्यांवर तिची पोरगी लंगडी घालत होती. गोळ्यांनी चांगलाच गुण आला होता.

"आवं, कागुद वाळवीनं खाल्ला," ती म्हणाली. "मिरजंचं मोठं डॉक्टर म्हंत्यात, गोळ्या सुरू व्हायच्या आदीचा रिपोट दावा. तवाच कळंल, पोरीला जलमभर गोळ्या लागत्यात का न्हाई. तुमी म्हणाला हुता, दुसरा देतो."

तिच्याजवळ उरलेल्या पावतीवरून मी तारीख घातली, नंबर घातला. पडद्यावर एका साठ वर्षांच्या गृहस्थांची लघवीतली साखर आली. मागचा नंबर पाहिला, पुढचा पाहिला. रोजची नक्कल ज्या फ्लॉपीवर घ्यायचो, तिच्यावरही तेच गृहस्थ. व्हायरस जे करणार होता, ते मी स्वतःच्या हातानं, एकेका नोंदीला 'हो' म्हणत करून ठेवलं होतं.

"ताई, व्हायरस आला होता. जगभर आला होता. त्यानं पुसलं," मी म्हणालो. डॉक्टरांनाही तेच सांगितलं, की तारीख टाळूनही त्यानं काही नोंदी पुसल्याच. पेपर वाचणाऱ्या कुणालाच त्यावर अविश्वास वाटला नसता.

"मग तुमी तरी काय करणार? चूक माजीच. म्या कागुद जपला न्हाई," ती म्हणाली आणि पोरीला हाक मारून निघून गेली. मला हायसं वाटलं. हे लिहायची आजही लाज वाटते.

दीड महिन्यानं ती पुन्हा आली. जुना रिपोर्ट नाही म्हणून मिरजेच्या डॉक्टरांनी तेवढे दिवस गोळ्या बंद ठेवून नव्यानं तपासायला सांगितलं होतं. पोरगी आईच्या मांडीवर डोकं टेकून झोपली होती, तोंड पुन्हा सुजलेलं. सुई टोचली तरी तिनं डोळे अर्धवटच उघडले. नळी भरेपर्यंत मी कसाबसा धीर धरला.

"ताई, व्हायरस नव्हता," मी म्हणालो. "तुमचा रिपोर्ट माज्या हातनं पुसला गेला. म्या खोटं बोललो."

तिनं पोरीच्या दंडावरचा कापूस दाबून धरला.

"पोरीचं वडील दीड म्हैना माज्याशी बोललं न्हाईत," ती म्हणाली. "कागुद संबाळला न्हाईस म्हनून. ते भाईर बाकड्यावर बसल्यात. जावा, तुमीच सांगा त्यास्नी."

मी अ‍ॅप्रन काढून खुंटीला अडकवला आणि बाहेर गेलो.